निळ्या टोपणाची बाटली

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आली एकदाची! तीनशे पिल्लं. भोकं पाडलेल्या खोक्यांतून सगळी एका सुरात ओरडत होती. टेंपोवाला म्हणाला, "ताई, बारामतीपासून डोकं उठवलंय ह्यांनी." मला तर तो आवाज गोडच लागला.

ही वही बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेली. वर मक्याचं कणीस छापलंय. कुक्कुटपालनाच्या शिबिरात साहेबांनी बजावलं होतं, रोज नोंद ठेवा, किती खाद्य, किती मर, कोणती लस. पण दहावीला मराठीत ब्याऐंशी मार्क घेतलेली बाई मी, नुसते आकडे कशाला लिहू? मनात येईल ते लिहिणार. वाचणार आहे कोण?

मुजम्मिल सोमेश्वरनगरला कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरवर असतो, हंगाम संपेपर्यंत घरी नाही. तो म्हणाला होता, "नसरीन, झेपंल का?" झेपवून दाखवते. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझं म्हणावं असं घरात एक पातेलंसुद्धा नाही. ही तीनशे माझी.

त्याच टेंपोतून विजयमालाचीही पंचवीस उतरली. विजयमाला म्हणजे बांधापलीकडची. गावची पशुसखी आहे, शेळ्या-कोंबड्यांना लस द्यायचं सरकारी शिक्षण घेतलेली. आमच्या बचत गटानंच तिची निवड केली. बाया तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवतात, तर चिडायचं सोडून ती पदर खोचून आणखी ताठ चालते. सबिना झाली तेव्हा इंदापूरच्या दवाखान्यात पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं ते हिनंच. सबिना आता आठवीत आहे आणि अजून तिला माला मावशीच म्हणते.

मर : २ (प्रवासात).

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरा रोजा. विजयमाला लस घेऊन आली, बर्फाच्या थर्मासात. मानमोडी रोगाची लस, प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एकेक थेंब. सबिना पिल्लू धरायची, ती थेंब टाकायची, मी पलीकडे सोडायचे. तीनशे वेळा! कंबरेचा काटा ढिला झाला.

वहीच्या मागल्या पानावर मी लसीचा तक्ता आखलाय. विजयमालानं तिथं सही ठोकली. म्हणाली, "असू दे. उद्या काय झालं तर पुरावा राहील."

मी म्हणलं, "तुझ्या हातनं काय होतंय गं!"

मर : आजपर्यंत ५.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीचं खाद्य संपलं. आता घरचं. मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, भाताचा कोंडा, आणि तेल. शिबिरात सांगितलं होतं की खाद्यात थोडं तेल घातलं की पिल्लू अंग धरतं.

तेलाला माझा भाऊ बादशाह उभा राहिला. त्याचा इंदापुरात स्टँडाजवळ भजी-वड्यांचा गाडा आहे. रमजानात संध्याकाळी नुसती झुंबड. कढईतलं उरलेलं तेल तो डब्यात साठवतो. आज रोजा सोडायच्या आत मोटारसायकलला दोन डबे बांधून घेऊन आला, इफ्तारचं पाणी प्यायलाही थांबला नाही. "आपा, तुझ्या पिल्लांना मामाकडनं," म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पाठीला भाऊ असावा तर असा.

पंधरा दिवसांचं एकदमच कालवून टाकलं. पोती पत्र्याच्या शेडमध्ये रचली. तेल काळंकुट्ट होतं आणि वास असा उग्र की नाकाला पदर लावून कालवलं. रोजात वास जरा जास्तच लागतो.

सबिना दारात पुस्तक घेऊन घोकत होती, "पेशीचं सर्वांत बाहेरचं आवरण म्हणजे प्रद्रव्यपटल. प्रद्रव्यपटल म्हणजे..." मधेच थांबून म्हणाली, "अम्मी, पिल्लांच्या जेवणाला शिळ्या भज्यांचा वास येतोय."

म्हणलं, तू तुझं पटल बघ.

५ मार्च, गुरुवार

लसीचा दुसरा डोस झाला. मागल्या पानावर दुसरी सही. सगळं चांगलं चाललेलं असताना विजयमालानं जाता जाता एक पिल्लू उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "मलूल दिसत्यात गं. काय घालतीस?"

"घरचं खाद्य."

"कंपनीचं एकदम बंद केलंस? आन ह्यो वास कसला?"

बघा! मी काय पिल्लांना उकिरडा चारते? मी म्हणलं, "वास यायचाच, कोंबड्यांचं शेड हाय, अत्तराचं दुकान न्हाय."

ती हसली नाही. पिशवीतून निळ्या टोपणाची एक छोटी बाटली काढून दिली. "ही पाच दिवस पाण्यातनं पाज. झाकणभर." आणि गेली. तिची पंचवीस अंगणात मोकळी फिरतात, लसूणघासाच्या वाफ्यात चरतात, उरलीसुरली भाकरी खातात. आणि मला शिकवते! माझ्या खाद्यात काही कमी आहे असं तिला म्हणायचंय. बाटली फळीवर ठेवली. गरज लागली तर बघू.

पिल्लं २९४. मलूल म्हणे!

९ मार्च, सोमवार

आज सकाळी पाणी ठेवायला गेले तर कोपऱ्यात एक पिल्लू पाठीवर पडलेलं. पाय वर, मान मागे वळून पाठीला टेकलेली. उभं केलं तर गिरकी घेऊन पुन्हा पडलं. चोच उघडी आणि डोळे आढ्याकडं.

दुपारपर्यंत आणखी एक. संध्याकाळी दोन्ही मेली.

मान मोडलेली पिल्लं. मानमोडीचीच लस देऊन चार दिवस झालेत. चारच दिवस. मुद्दाम मोजले.

१० मार्च, मंगळवार

पाच गेली. आठ-दहा गरगर फिरताहेत, जत्रेतल्या पाळण्यात बसवल्यासारखी. खायला चोच मारतात आणि दाणा हातभर लांब राहतो. बघवत नाही.

बांधावरून विजयमालाच्या अंगणात डोकावून आले. पंचवीसच्या पंचवीस टुणटुणीत! लसूणघासात उड्या मारताहेत. तीच लस, तोच टेंपो, तोच दिवस, मग माझीच का मान मोडतात? तीच लस म्हणे ती! तिच्या पिल्लांना कुठल्या बाटलीतली घातली ते बघायला कोण गेलं होतं? नाहीतर मला दिली ती ऊन लागलेली असेल. थर्मासातला बर्फ वितळला असेल आणि तिनं तशीच टाकली असेल, सही करून मोकळी.

आणि वरून ती बाटली. कशाची आहे देव जाणे, सगळं इंग्रजीत. बरं झालं पाजली नाही.

११ मार्च, बुधवार

नऊ.

तळपायाची आग मस्तकात गेली. रोजा असून तोंडातून नाही नाही ते निघालं. बांधावर जाऊन तिला हाक मारली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं विचारलं, "कसली लस घातलीस माझ्या पोरांना?"

ती म्हणाली, "नसरीन, आधी डॉक्टरला दाखव. मानमोडी असती तर हिरवी हगली असती, घशात घरघरली असती. ही तशी न्हाईत. मी दिलेलं औषिद पाजलंस का?"

"तुझं औषिद तुलाच पाज!"

ती खाली बघून आत गेली. गुन्हेगार माणूस असाच खाली बघतो.

लिहितेच आता. जिच्या घरात कधी पाळणा हलला नाही तिला पिल्लं मरताना काय वाटणार? दुसऱ्याचं घर भरलेलं बघवत नसेल. माझी मरताना मोजत असेल, तेवढाच जिवाला थंडावा.

दुपारी अर्ज लिहिला. वळणदार अक्षरात. वहीचं मागलं पान, तिच्या दोन सह्यांचं, फाडून अर्जाला जोडलं. निळ्या टोपणाची बाटलीही पुरावा म्हणून घेतली आणि दोन्ही नेऊन गटाच्या अध्यक्षाकडं, रंगू काकीकडं दिलं. काकीनं बाटली कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि म्हणाली, "सोमवारी बैठक घेते. गटानं ठराव केला का तिचं काम गेलं, हे ध्यानात ठिव. इचार केलास ना?"

म्हणलं, केलाय.

१२ मार्च, गुरुवार

चौदा. वहीत आकडा लिहायला हात होत नाही.

बादशाह आणखी एक डबा घेऊन आला. पिल्लं बघून त्याचंही तोंड उतरलं. "आपा, अशक्तपणा आलाय त्यांना. तेल वाढव जरा, ताकद येईल." म्हणून आज एका पोत्यात दुप्पट तेल घातलं. गरम पाण्यात कालवून, हातानं भरवल्यासारखं एकेकाच्या चोचीपुढं धरलं. खातात बिचारी, खाताना पडतात.

गावात मात्र बातमी पसरलीये. मी फक्त शेजारच्या शेवंताला सांगितलं होतं. तिनं तिच्या जावेला सांगितलं, जावेनं पिठाच्या गिरणीत. आज विजयमाला थर्मास घेऊन खालच्या आळीला चालली होती, गुरुवारी तिचा तिकडचा लसीचा दिवस असतो. एकीनंही दार उघडलं नाही. एकजण म्हणाली, आमच्या कोंबड्या विकल्या. कोंबड्या तिच्या पायातच फिरत होत्या! तासाभरानं ती तशीच परत आली. थर्मासातून पाणी गळत होतं.

मला बरं वाटायला पाहिजे होतं.

१३ मार्च, शुक्रवार

सतरा. आता २४७ उरली.

रात्री मुजम्मिलचा फोन आला. गडी कधी आवाज चढवत नाही, पण आज म्हणाला, "डॉक्टरला दाखवलंस का? मग अर्ज कसा दिलास? आधी पिल्लू दाखव, मग माणसाचं नाव घे." मी फोन ठेवून दिला. सगळे तिच्याच बाजूचे.

पण उद्या जाणार बारामतीला. डॉक्टरचा कागदच आणते. सोमवारी बैठकीत कागद टाकला की कुणाची बोलायची बिशाद नाही.

१४ मार्च, शनिवार

सगळं लिहायचं. जसं झालं तसं.

सकाळच्या एसटीनं गेले. मांडीवर टोपली, टोपलीत दोन जिवंत पिल्लं, एक मेलेलं, आणि पुडीत खाद्य. खाद्य घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. सबिनानं पुडी बांधून दिली, "साहेबांनी शिबिरात सांगितलेलं, खाद्य पण न्यायचं." वाटेत शेजारची बाई दोनदा नाक मुरडून खिडकीकडं सरकली.

तिथला जनावरांचा डॉक्टर इंद्रजित म्हणजे तरणा पोरगा आहे, पण हात शांत. आधी त्यानं लसीचं विचारलं, तारखा विचारल्या. मी भडाभडा सगळं सांगितलं, विजयमालाचं नाव घेऊन. तो ऐकत ऐकत मेलेल्या पिल्लाची कवटी कात्रीनं उघडत होता. चण्याच्या डाळीएवढा मागचा मेंदू बाहेर काढून त्यानं मला दाखवला. सुजलेला, आणि त्यावर लाल लाल ठिपके.

"ही मानमोडी नाही, ताई. लस बरोबर आहे. खाद्य काय घालता?"

मी पुडी पुढं केली. त्यानं उघडली, वास घेतला आणि मान बाजूला केली. एवढंच. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण माणूस स्वतःहून कुठं कळून घेतो.

"तेल कुठलं?"

सांगितलं. भज्यांचं. कधीचं, किती वेळा तापवलेलं, कुठं ठेवलेलं, त्यानं एकेक विचारलं आणि मी एकेक सांगत गेले. मग तो स्टूल ओढून माझ्यासमोर बसला.

"शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो."

"प्रद्रव्यपटल," मी म्हणलं. कुठून तोंडात आलं कोण जाणे.

तो हसला. "बरोबर. तो पडदा चरबीचा असतो. तेल उघड्यावर राहिलं की खवट होतं ना? तशी ही चरबीपण आतल्या आत खवट होऊ शकते. होत नाही, कारण ई जीवनसत्त्व तिथं राखणीला असतं. ते कमी पडलं की चरबीचा एक कण बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला. कुणी थांबवणारं नसतं. पडदा फाटतो, आत रक्त उतरतं. पिल्लाच्या मेंदूतली चरबी फार नाजूक, म्हणून पहिला तोल जातो."

"पण मक्यात, पेंडीत जीवनसत्त्व असतंच की!"

"होतं. तुमचं तेल आधीच खवट होतं. त्यानं ते पोत्यातच संपवलं. कोंडाही उन्हात खवटला असणार. पिल्लांच्या पोटात राखण गेलीच नाही, नुसती खवट चरबी गेली."

परवा मी दुप्पट तेल घातलं होतं. माझ्या हातानं चोचीपुढं धरलं होतं.

"लसूणघास खाणारी पिल्लं..." मी विचारलं.

"त्यांना हिरव्यातून मिळतं. त्यांना काही होणार नाही."

त्यानं औषध लिहून दिलं, खाद्य आजच्या आज बदला म्हणाला. जी फार फिरताहेत ती वाचायची नाहीत, बाकीची उभी राहतील. मी चिठ्ठी घेऊन समोरच्या दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर बाटली ठेवली.

निळं टोपण.

तीच. तोच आकार, तीच इंग्रजी अक्षरं. मी विचारलं, "हे कशाचं औषध?" तो म्हणाला, "ई जीवनसत्त्वाचं. पाण्यातून द्यायचं, झाकणभर."

पाच तारखेला विजयमालानं हेच दिलं होतं. तेव्हा २९४ होती, एकही पडलेलं नव्हतं. आणि मी ती बाटली पुरावा म्हणून कुलपात ठेवायला दिली.

दुकानाच्या पायरीवर बसले. पोरीसारखी रडले. लोक बघत होते, बघू देत.

आजची मर : १९.

१५ मार्च, रविवार

सगळी पोती उकिरड्यात ओतली. कंपनीचं खाद्य आणलं, औषध पाजलं. तरी सोळा गेली. डॉक्टर म्हणालाच होता.

आता उद्याची बैठक. रात्रभर एकच विचार. तेलाचं कुणाला माहीत आहे? मला, बादशाहला, सबिनाला आणि बारामतीच्या डॉक्टरला. उद्या नुसतं म्हणायचं, जाऊ दे, अर्ज मागं घेते, शेजारीण आहे, माफ केलं. वर मोठेपणा मलाच. सगळं सांगितल्यावर मुजम्मिलसुद्धा फोनवर म्हणाला, "अर्ज मागं घे म्हंजे झालं. तेलाचं कशाला काढतीस, बादशाहचा धंदा हाय." त्याचंही खरं.

पण मग तिच्यावर डाग राहणार. बाया म्हणणार, नसरीननं मोठ्या मनानं सोडलं. दार काही उघडणार नाहीत. मला माझ्या आळीतल्या बाया माहीत आहेत, मी त्यांच्यातलीच.

बादशाहला बोलावून सांगितलं. आधी त्याला पटेना. मग डब्याचं झाकण काढून वास घेत उभा राहिला, किती वेळ. म्हणाला, "आपा, ह्यातलंच घरी बी येतं. पोरांच्या कालवणाला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "उद्या माझं नाव घ्यायचं तर घे. गाडा माझा हाय, लपवून काय करू?" तीन डबे घेऊन गेला. पाणी आजही नाही प्यायला. रोजा तर सुटला होता.

१६ मार्च, सोमवार

अंगणवाडीच्या खोलीत बैठक. चौदा बाया. विजयमाला मागं भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर थर्मास. कशाला आणला होता काय माहीत. हातात काहीतरी हवं म्हणून असेल.

रंगू काकीनं कपाटातून आणलेली बाटली टेबलावर ठेवली, माझा अर्ज उघडला. मी उभी राहिले आणि म्हणलं, "अर्ज खोटा हाय."

पुढं काय बोलायचं ते घरून घोकून गेले होते, सगळं विसरले. म्हणून वहीच उघडली. पंचवीस फेब्रुवारी वाचली. तेल, वास, नाकाला लावलेला पदर, सगळं. मग पाच मार्च, बाटलीचं. अत्तराच्या दुकानावर कुणी हसलं नाही. नऊ वाचली, दहा वाचली, "सही करून मोकळी" इथवर आणि बाटली पाजली नाही म्हणून मला बरं वाटलं तिथवर. मग पान उलटून चौदा तारखेवर आले.

"अकरा कुठं गेली?" मागून विजयमाला.

मी म्हणलं, "तितं खाद्याचं काय न्हाय."

"माझं हाय ना? मग वाच की."

रंगू काकी माझ्याकडं बघायला लागली. सगळ्याच बघायला लागल्या. वाचणार आहे कोण, असं मीच पहिल्या पानावर लिहिलं होतं.

वाचलं. पाळण्याचंसुद्धा. जिवाला थंडाव्याचंसुद्धा. एक शब्द गाळला नाही. खाली बघून वाचत होते, त्यामुळं तिचं तोंड मला दिसलं नाही. वाचून झाल्यावर बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती ती तेवढी ऐकू आली.

मग चौदा तारीख वाचली. डॉक्टरचा कागद ठेवला. म्हणलं, "बाटलीत ई जीवनसत्त्व हाय. हिनं वेळेत दिलं, मी पाजलं न्हाय. पिल्लं मी मारली. हिच्या लसीनं न्हाय मेली."

रंगू काकीनं अर्ज फाडला. शेवंता म्हणाली, "मग उद्या माझ्याकडं येशील का गं लस द्यायला?" विजयमाला उठली, थर्मास खांद्याला लावला. "येते," म्हणाली. शेवंताला. माझ्या शेजारून गेली, पदर लागला तिचा मला, पण थांबली नाही.

मर : ११. उरली २०१.

१८ मार्च, बुधवार

दोन दिवसांत सहाच गेली. बाकीची नीट चालताहेत. एक आहे, तिची मान अजून डावीकडं कलते, सरळ काही होत नाही, पण दाण्यावर चोच नेमकी बसते. सबिनानं तिचं नाव तिरकी ठेवलंय.

बादशाहनं कढई बदलली. तेल तिसऱ्यांदा तापवत नाही म्हणतो. वडा महाग केला तर गिऱ्हाईक शिव्या देतंय, देऊ दे म्हणतो.

२१ मार्च, शनिवार. ईद

मुजम्मिल पहाटे आला. तिरकीला खिशात घालून गावभर दाखवून आला, वेडा.

दरवर्षी शीरखुर्म्याचा पहिला डबा बांधापलीकडं जातो. यंदाही सबिनाच्या हातात दिला. पोरीला तिनं जवळ बसवून घेतलं म्हणे, केस विंचरून दिले, ईदी दिली. डबा तासाभरानं परत आला. आमच्याकडं कुणी कुणाचा डबा रिकामा पाठवत नाही. काही नसलं तर मूठभर साखर, चार शेंगा तरी घालतात.

घासून, पुसून, रिकामा आला.

मुजम्मिलनं बघितलं.

२७ मार्च, शुक्रवार

पिल्लं १९१. आज देवी रोगाची लस होती.

वाटलं होतं दुसऱ्या कुणाला तरी पाठवेल. पण दहाच्या सुमारास फाटक वाजलं. थर्मास, पिशवी, खोचलेला पदर. "धरा," म्हणाली. सबिनानं धरलं, तिनं पंखात सुई टोचली, मी सोडलं. एकशे नव्वद वेळा, एक अक्षर न बोलता. मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी तिरकी आली. ती हातात घेऊन विजयमाला थांबली. मान दोन बोटांनी सरळ केली, सोडली, ती पुन्हा कलली. पुन्हा सरळ केली. बराच वेळ तसं करत राहिली.

"हिला येगळं पाणी ठेवत जा. गर्दीत मागं पडंल."

"ठेवते."

मी हात धुऊन वही आणली. रंगू काकीनं परत दिलेलं मागलं पान चिकटपट्टीनं लावलंय, त्यातल्या तक्त्यात तिसरा चौकोन रिकामा होता. पेन पुढं केलं. म्हणलं, "माले, चुकलं माझं. जे लिहिलं ते खोडलं तरी जायचं न्हाय, पण चुकलं."

तिनं वहीकडं बघितलं. चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. मग स्वतःच्या पिशवीतून सरकारी रजिस्टर काढलं आणि त्यात सही केली.

"हितं करते. तुझ्या वहीत नगं."

गेली. मी तिथंच उभी. बांध ओलांडला, घरात शिरली. मी पेनाचं टोपण लावलं आणि पिल्लांचं पाणी बदलायला लागले.

थोड्या वेळानं परत फाटक वाजलं. ती लसूणघासाची पेंढी घेऊन आली होती, आत्ताच कापलेली, हाताएवढी जाड. शेडच्या दारात टाकली.

"डबा रिकामा पाठवला हुता," म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत बोट उगारलं. "हे पिल्लांना हाय. तुला न्हाय."

पिल्लं तुटून पडली. तिरकीसुद्धा घुसली मधे, मान वाकडी करून.

तक्त्यात आजची तारीख घातली, लसीचं नाव घातलं. सहीचा चौकोन तसाच ठेवलाय.